भिंगारदिवे सिस्टर आणि पाचवीचे पाटे

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं कारकुनी केली. तेवढ्यात अकरा डॉक्टर आले आणि गेले. त्यांतल्या निम्म्यांची नावं मला आज आठवत नाहीत, आणि आठवून करायचंय तरी काय! भिंगारदिवे सिस्टर मात्र आठवतात, कारण मी माझ्याच रजिस्टरात काय लिहून ठेवलंय ते त्यांनी मला वाचायला लावलं. असला अपमान माणूस सहसा विसरत नाही.

सत्तर सालच्या जूनमध्ये त्या एस.टी.तून उतरल्या. एक ट्रंक, एक वळकटी आणि बरोबर म्हातारे वडील. नाव कृपा, वय चौतीस-पस्तीस, लग्न केलेलं नव्हतं. वडील इसहाक मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. पांढरं धोतर, काळा कोट आणि हातात छत्री, पाऊस असो वा नसो. आमच्याकडे तो बहुधा नसतोच. नगर जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोपरगावचा ऊस येतो. आम्ही दुसऱ्या टोकाला, कोरड्या अंगाला. बाजरी, हुलगे आणि साहेबांचे दौरे, एवढंच आमचं पीक.

दवाखाना वीस खाटांचा, त्यातल्या सहा बाळंतिणींच्या. व्हरांड्यात नातेवाइकांच्या चुली, धुरानं काळ्या झालेल्या भिंती, खाटांखाली कुत्री. सिस्टरांनी पहिल्या महिन्यात कुत्री घालवली आणि दुसऱ्या महिन्यात चुली मागच्या अंगणात नेल्या. चुलींवर शेड हवी म्हणून माझ्याकडून जिल्ह्याला चार पत्रं लिहून घेतली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. शेड आठव्या महिन्यात उभी राहिली, म्हणजे लवकरच. नाळ कापायची कात्री त्या स्वतः उकळायच्या, बांधायचा दोरा स्वतः उकळायच्या. आमची आया मनकर्णा हात न धुता बाळाला शिवायला गेली, तर तिच्याकडे अशा काही बघायच्या की ती बिचारी दोनदा धुऊन यायची. ‘कानामागून आली आणि तिखट झाली,’ असं मनकर्णा माझ्या टेबलाशी येऊन म्हणायची. मी मान हलवायचो. माझंही मत काही वेगळं नव्हतं.

एकाहत्तरच्या संक्रांतीच्या सुमारास डोंगरपिंपरीच्या आक्काबाईनं आपल्या सुनेला, बनुबाईला, बाळंतपणासाठी आणलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण बनुबाईला आई नव्हती, म्हणून सासूच पुढं झाली. मुलगा झाला, सगळं सुरळीत पार पडलं. चौथ्या दिवशी सकाळी आक्काबाईचा मुलगा छगन बैलगाडी घेऊन दारात उभा.

“उद्या पाचवी हाय,” आक्काबाई म्हणाली. “घरी पाटा पुजायचा हाय. सटवाई यायची. आमाला सोडा.”

पाचवी काय ते कुणाला सांगायला नको. पाचव्या दिवशी दिवेलागणीला पाटा मांडायचा, त्यावर वरवंटा उभा करायचा, हळदकुंकू वाहायचं, कणकेचा दिवा लावायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि पोराच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते.

“आजी, बेंबी अजून ओली आहे,” सिस्टर म्हणाल्या. “ती गळून पडेपर्यंत बाळ इथून हलणार नाही. घरी नेऊन तुम्ही तिच्यावर गोवरीची राख लावाल आणि पोराला धनुर्वात होईल. सटवाई-बिटवाई काही नसतं.”

“तुमच्यात नसंल,” आक्काबाई म्हणाली.

सिस्टरांनी मला सांगितलं, डिस्चार्जचा कागद द्यायचा नाही. मी दिला नाही. खरं म्हणजे कागद नाही म्हणून कुणाला अडवता येत नाही, पण ती माणसं शिक्क्याला भिणारी. कागद नसला तर मागून फौजदार येईल असं त्यांना वाटलं आणि ती मुकाट्यानं थांबली. आठव्या दिवशी बेंबी वाळून गळाली, तेव्हा गाडी गेली. पोर टुणटुणीत होतं. सिस्टर त्या दिवशी खुशीत होत्या.

विसाव्या दिवशी ते पोर जुलाबानं गेलं. बेंबीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण डोंगरपिंपरीत निकाल लागून गेला होता. पाचवी चुकली, पोर कोऱ्या कपाळानं घरी आलं, आणि कोरं कपाळ किती दिवस जगणार? त्यानंतर त्या बाजूच्या सहा गावांतून एकही बाई आमच्याकडे बाळंतपणाला आली नाही.

पावसाळा सरता सरता देवी टोचणारा माणूस त्या गावांतून फिरून आला आणि सहज बोलून गेला की तिकडे पाच पोरं धनुर्वातानं गेली, सगळी घरच्या बाळंतपणातली. सिस्टर वॉर्डातून थेट माझ्या टेबलाशी आल्या.

“भाऊसाहेब, गेल्या वर्षात किती बाळंतिणी आठ दिवसांच्या मुदतीआधी घरी गेल्या?”

“पुष्कळ.”

“पुष्कळ म्हणजे किती?”

मला राग आला. डॉक्टरांनी कधी विचारलं नव्हतं ते ही बाई विचारणार! पण रजिस्टर काढलं. शेरा लिहायची माझी पद्धत ठरलेली होती, ‘सल्ल्याविरुद्ध गेली’. एवढं लिहिलं की उद्या कुणी जाब विचारला तरी दवाखान्याची मान सुटते. सिस्टर शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी प्रत्येक बाईचा बाळंत झाल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस मला मोजायला लावला. एकशे अठरा बाळंतपणं. त्यांतल्या त्र्याऐंशी बायका मुदतीआधी गेलेल्या. आणि त्या त्र्याऐंशीतल्या एकोणऐंशी चौथ्या दिवशी.

मी हिंदू माणूस. माझ्या घरी चार पोरांच्या चार पाचव्या झालेल्या. ते रजिस्टर वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून जात होतं आणि घोडं कुठं पेंड खातंय ते मला कधी दिसलं नव्हतं. मला वाटायचं, घरी म्हशी असतील, कामं असतील, जातात बायका.

सिस्टर म्हणाल्या, “मी बरोबर होते, भाऊसाहेब. आणि मी बरोबर राहिले म्हणून ती पाच पोरं गेली.” त्यांनी फक्त स्वतःचंच नाव घेतलं. कागद अडवणारा मात्र मी होतो.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. पाचवी दवाखान्यातच करू द्या, म्हणाल्या. हा दवाखाना आहे, देऊळ नाही, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, “बाळंतीण आठ दिवस ठेवायची तर पाचवा दिवस इथंच गेला पाहिजे, साहेब. त्याला दुसरी वाट नाही.” डॉक्टरांनी लेखी काही देणार नाही एवढंच सांगितलं. आमच्या खात्यात याचा अर्थ हो असाच होतो.

वॉर्डाच्या टोकाला मोडक्या खाटांची खोली होती. ती रिकामी करून चुना मारला आणि एक पाटा-वरवंटा आणून ठेवला. महिनाभर त्याला कुणी शिवलं नाही. सिस्टरांना कळेना. शेवटी मनकर्णानं सांगितलं, “त्या पाट्याला कुनाकुनाचा हात लागला आसंल, बाई. जातीचं काय?” सिस्टरांच्या घराण्याला ही गोष्ट नवी नव्हती. त्यांनी फक्त नियम बदलला. ज्यानं त्यानं आपला पाटा घरून आणावा.

आणि लोक आणू लागले! बैलगाडीत बाळंतीण, तिच्या पायाशी दगडी पाटा. मला फाटकातूनच कळायचं की गाडीत पाटा आहे, म्हणजे ही बाई आठ दिवस राहणार. रजिस्टरात सिस्टरांनी ‘का गेली’ असा एक नवा रकाना आखून घेतला आणि तो भरल्याशिवाय मला पान उलटू देईनात. सटवाईसाठी कोरा कागद दर वेळी माझ्याच टेबलावरून जायचा. सरकारी कागदावर सटवाई काय लिहायची कुणास ठाऊक, पण ती तरी उत्तर मागत नव्हती.

वर्षाच्या आत मुदतीआधी जाणाऱ्या बायका दर महिन्याला सहा-सातवरून एकावर आल्या. तेवढ्यात जिल्ह्याहून तपासणीला एक साहेब आले. उंटावरून शेळ्या हाकणारे ते, भिंतीला टेकवलेले पाटे बघून म्हणाले, “ही काय पाथरवटाची वखार आहे?” सिस्टरांनी रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी आकडे वाचले, परत वाचले आणि विचारलं, “तुम्ही तर ख्रिस्ती ना?” सिस्टर म्हणाल्या, “बेंबी सगळ्यांची सारखीच वाळते, साहेब.” साहेबांनी शेरापुस्तकात ‘स्वच्छता समाधानकारक’ असं लिहिलं. पाट्यांचा उल्लेख केला नाही.

डोंगरपिंपरीकडची सहा गावं मात्र अजून येत नव्हती.

बहात्तरची दिवाळी दुष्काळातच गेली. डॉक्टर खडी फोडण्याच्या कामांवर कॅम्पला असायचे. अशात एका दुपारी आक्काबाईची गाडी आली. बनुबाई दोन दिवस अडलेली, पोर पायाळू, गावच्या सुईणीनं हात टेकलेले. गाडीत पाटा नव्हता. आक्काबाई सिस्टरांकडे न बघता म्हणाली, “सुईन म्हनली, आता तितंच न्या. म्हनून आनली. न्हाईतर आले नसते.”

मनकर्णाला हाताशी घेऊन सिस्टरांनी एकटीनं ते बाळंतपण केलं. मुलगी झाली. जखम मोठी होती, टाके घालावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी बनुबाईला ताप चढला. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिन द्यायचं होतं. ती चौथ्या दिवशी गाडीत चढली असती तर मायलेकींचं काय झालं असतं, ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मलाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आक्काबाईसमोर फरशीवर जाऊन बसल्या. “आजी, मागच्या वेळी मी चुकले. तुमचा पाटा इथं आणा.”

आक्काबाईनं नातीच्या अंगावरचं फडकं नीट केलं. “पाटा आनंल छगन,” ती म्हणाली. “पन पुजायचा कोनी?”

“तुम्ही पुजा. इथं सगळ्यांच्या आज्याच पुजतात.”

“आमच्याकडं सुईन पुजती. ज्या हातात पोर पडलं त्याच हातानं पाटा पुजायचा, न्हाईतर सटवाईला त्ये पोर गावत न्हाई. ह्ये पोर तुमच्या हातात पडलंय, नर्सबाई. तुमी पुजनार आसाल तर ऱ्हातो. न्हाईतर उद्या सकाळी गाडी जुपतो.” आणि मग आवाज न चढवता म्हणाली, “एक डाव चुकलं. आता म्या चुकू द्यायची न्हाई.”

सिस्टर दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. दुसऱ्यांना पाटा पुजायला जागा देणं निराळं आणि स्वतः पाट्यापुढे बसणं निराळं. त्यांनी आक्काबाईला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मास्तरांना वर्तमानपत्र द्यायला त्यांच्या क्वार्टरवर गेलो, तेव्हा विषय निघालेला होता. मला बघूनही ते थांबले नाहीत.

“माझी आई सुईण होती,” मास्तर लेकीला सांगत होते. “अख्ख्या गावाची पोरं तिनं काढली, अख्ख्या गावाचे पाटे पुजले. आणि खण तिला उंबऱ्याबाहेर टाकून मिळायचा. आपण त्यातून बाहेर पडलो, कृपा. ज्यानं बाहेर काढलं त्याला काय सांगणार आहेस?”

“सांगेन काहीतरी,” सिस्टर म्हणाल्या. “त्याला बनुबाईचा ताप ठाऊक असेल.”

“हा विषय चर्चच्या पंचांपुढे येईल. आणि मी पंच आहे.”

“मला माहीत आहे, बाबा.”

मास्तरांनी माझ्या हातातून वर्तमानपत्र घेतलं आणि उघडलं. मी चहा न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. खोलीत दुसरं कुणी नाही हे बघून त्यांनी हळूच विचारलं, “भाऊसाहेब, कुंकू कुठल्या बोटानं वाहतात?”

मी करंगळीशेजारचं बोट दाखवलं. त्यांनी ते बोट माझ्या टेबलावर दोनदा टेकवून बघितलं. शिकाऊ पोरी इंजेक्शन धरायची सवय करतात तसं. मी रजिस्टर उघडलं आणि उगाचच काहीतरी लिहीत बसलो.

त्या दिवशी छगननं गाडी जुंपली ती गावाहून पाटा आणायला. पाचव्या दिवशी दिवेलागणीला सिस्टर त्या टोकाच्या खोलीत बसल्या. आधी कोपरापर्यंत हात धुतले, बाळंतपणाला धुतात तसेच. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. आक्काबाई म्हणाली, “हात जोडा,” तर हात जोडले. तोंडानं काही पुटपुटल्या, ते कुणाला ऐकू आलं नाही आणि आक्काबाईनं विचारलंही नाही. तिनं खण आणि नारळ सिस्टरांच्या पदरात घातला आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडली. एवढी मोठी बाई पाया पडते म्हणून सिस्टर गडबडून उठल्या आणि दिव्यातलं तेल थोडं सांडलं.

बनुबाई अकरा दिवस राहिली. ताप सहाव्या दिवशी उतरला. पुढच्या वर्षात डोंगरपिंपरीच्या बाजूनं सदतीस बायका बाळंतपणाला आल्या, तो आकडा मी कुणी न सांगता मोजला. त्यांच्यातल्या नऊ जणींच्या सासवांनी सिस्टरांनाच पाट्यापुढे बसवलं. त्या बसल्या.

चर्चमध्ये काय झालं ते मला सत्यवानकडून कळलं. तो चर्चची घंटा वाजवायचा आणि पायाची जखम बांधून घ्यायला रोज आमच्याकडे यायचा. डिसेंबरात पंचांनी सिस्टरांना मंडळीपुढे उभं केलं. पाळक सज्जन माणूस. तो म्हणाला, पश्चात्ताप झाला एवढं म्हणा, विषय संपेल. सिस्टर म्हणाल्या, “माझ्या हातून पुष्कळ पापं झाली आहेत, त्यांची क्षमा मागते. हे त्यांत धरू नका.” पाळकानं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा असं ठरलं की पश्चात्ताप होईपर्यंत त्यांना प्रभुभोजन द्यायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस घेते, त्यातून त्यांना वगळलं. पंचांनी हात वर केले. पहिला हात इसहाक मास्तरांचा होता.

मला मास्तरांचा भयंकर संताप आला. म्हातारपणी जी लेक भाकरी करून घालते तिच्यावरच हात उचलायचा! मी त्यांना वर्तमानपत्र देणं बंद केलं. महिन्याभरानं ते स्वतःच छत्री घेऊन ऑफिसात यायला लागले, कोपऱ्यातल्या बाकावर बसून वाचायचे आणि घडी घालून परत ठेवायचे. बोलणं नाही. घरी बाप-लेक एकमेकांशी बोलायची, पण या विषयावर कधीच नाही. सिस्टर रविवारी चर्चला जातच राहिल्या. फक्त त्या आता शेवटच्या बाकावर बसायच्या आणि भोजनाच्या वेळी मान खाली घालून राहायच्या.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मास्तर वारले. त्यांच्या मातीला मीही गेलो. परतताना सत्यवान माझ्याबरोबर चालत होता. तेव्हा त्यानं सांगितलं की गेली साडेचार वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहिल्या बाकावर ताट आलं, की मास्तर ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि तुकडा न उचलता शेजाऱ्याकडे द्यायचे. द्राक्षारसाचा पेलाही तसाच. पाळकानं एकदा बाजूला घेऊन म्हटलं होतं, मास्तर, तुमच्यावर काही बंदी नाही. मास्तर म्हणाले होते, “ठाऊक आहे.”

आठ दिवसांनी सिस्टर कामावर आल्या. शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावरचं काही दिसत नाही, म्हणून मी त्यांना ते सांगितलं. त्या वॉर्डाकडे निघाल्या होत्या. तिथंच व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. कुणीतरी आतून हाका मारत होतं, तरी उठल्या नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “मला वाटत होतं, बाबा माझ्यावाचून जेवतात.”